दोन लिटरचा हिशेब

आमच्या नाक्यावरच्या देशीच्या दुकानात "एक संत्रा दे" म्हटलं की जाळीतून फळ येत नाही, पव्वा येतो. आत मळीचं स्पिरिट आणि वरून घातलेला वास. त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर खऱ्या संत्र्यांच्या बागा सुरू होतात, त्या थेट वरुडापर्यंत. आमच्या या वरुड-मोर्शी पट्ट्याला लोक कौतुकानं विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गावात 'संत्रा' म्हटल्यावर आधी कोणता आठवेल, हे वेळेवर अवलंबून. सकाळी झाडावरचा, दिवे लागल्यावर जाळीतला.

हे सगळं सुचलं ते पुतण्याच्या फोनमुळं. तो फ्रायबुर्गला असतो, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी. दिवाळीला घरी यायचा होता.

"काकाजी, दोन लिटर आनता येते. का आनू?"

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. एरवी त्याच बाटल्या इथल्या दुकानात आयात शुल्क आणि राज्याचा कर अंगावर घेऊन येतात, आणि येतात त्या नागपुरापर्यंत. आमच्या तालुक्याला त्या दिसायच्याही नाहीत. म्हणजे माझ्याकडे वर्षातून एकदा दोन लिटरची जागा. त्यात दोन लिटर व्हिस्की आणायला सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, मीही एक वर्ष तेच केलं. या वेळी म्हटलं, थांब, उद्या सांगतो. आणि फळांची ब्रँडी आणायची की कॉफीची लिक्युअर, म्हणजे साखर घालून गोड केलेली दारू, याचा रात्रभर हिशेब करत बसलो.

मला या फळांच्या दारूची ओढ लागली ती मेळघाटात. तरुणपणी सहा वर्षं धारणी तालुक्यात शिक्षक होतो. चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडायचा, आणि अस्वल यायच्या आत तो वेचून न्यायची घाई. कोरकू बायापोरं टोपल्या भरायची. फूल तोंडात टाकलं तर गर्रगोड, साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखं. मग एका घरी सणाला पानाच्या द्रोणात मोहाची घोटभर दिली. मी गोड घोटाच्या तयारीत होतो. त्या दारूत गोडी औषधालाही नव्हती! होता तो वास. उन्हात तापलेलं फूल, ओला पाचोळा, थोडा धूर.

साखर गेली कुठं, हे तेव्हा कळलं नाही. नंतर वाचलं तेव्हा उलगडलं. फुलातली असो की फळातली, साखर आंबताना यीस्ट खातं आणि तिची दारू करतं. मग ते आंबवण तापवलं की वाफेबरोबर वर चढतो तो अल्कोहोल आणि वास. जी काही साखर उरली असेल ती हंड्याच्या तळाशीच राहते. पाण्याच्या वाफेतून मीठ वर येत नाही, तसंच. म्हणजे खरी गाळलेली फळाची दारू गोड असूच शकत नाही. फळानं गोडी दिली आणि वास राखला, एवढाच तिचा व्यवहार. मोह फळ नाही, फूल आहे, हे मान्य. पण नियम तोच.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हा शब्द कौतुकाचा. माणूससुद्धा पहिल्या धारेचा असतो. युरोपातले गाळणारे मात्र पहिली धार वेगळी काढून फेकतात. तिच्यात नेलपॉलिशसारखा झोंबणारा वास असतो, डोळ्यांत पाणी येतं. मधली धार ती खरी, तिला ते 'हृदय' म्हणतात. आणि शेवटची पुन्हा वेगळी, कारण ती जड आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. कधी थांबायचं आणि कधी धरायचं, हे नाकानं ठरवायचं. बाटलीच्या किमतीतला मोठा भाग त्या नाकाचा असतो. (घरी हा प्रयोग करू पाहणाऱ्यांना: गाळणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो गुन्हा आहे हे बरंच आहे. फळातल्या पेक्टिनमुळं विषारी मिथेनॉल तयार होतं, त्याला नाक पुरत नाही.)

तर ब्रँडी. आमच्या घरी ब्रँडी होती, कपाटात, बामाच्या डबीशेजारी. सर्दीला एक चमचा गरम पाण्यात, बाळंतिणीला दोन. तिला कोणी दारू म्हणत नसे. माझी आजी एकादशीलासुद्धा घ्यायची. पण आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त ब्रँडीत द्राक्षाचा अंश नावापुरता आणि बाकी मळीचं स्पिरिट, हे आजीला कोण सांगणार? ब्रँडी म्हणजे मुळात वाइन गाळून केलेली दारू. द्राक्षाऐवजी दुसरं फळ आंबवून गाळलं की ती त्या फळाची ब्रँडी. सफरचंदाची कालवादोस, नॉर्मंडीतली, ओकच्या पिंपात निदान दोन वर्षं मुरलेली. आलुबुखाऱ्याची स्लिव्होवित्स, सर्बियातली तिची परंपरा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २०२२ साली गेली. हंगेरीची पालिंका, जर्दाळूची म्हणा किंवा आणखी कशाची. चेरीची किर्श. आणि नासपतीची, जिला विल्यम्स म्हणतात. तिच्या काही बाटल्यांत अख्खी नासपती असते. फळ बोटाएवढं असताना झाडालाच बाटली बांधतात, ते आतच वाढतं. दिसायला गंमत, पण त्या बाटलीत पैसे गमतीचे जातात, दारूचे नाही. मी एकदा मागवली होती. फळ तळाशी तपकिरी पडलं आणि बाटली शोकेसमध्ये गेली.

लेबल वाचायची सवय मला बी-बियाण्यांनी लावली. पाकिटावर काय चित्र आहे ते बघायचं नाही, बारीक अक्षर बघायचं. इथंही तेच. इंग्रजी लेबलवर 'चेरी ब्रँडी' किंवा 'अ‍ॅप्रिकॉट ब्रँडी' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा आत गोड लिक्युअर असतं, ब्रँडी नव्हे. युरोपातल्या कायद्यानं ही नावं तशी वापरायला सूट दिलेली आहे. टक्का बघायचा. वीस-पंचवीस टक्के अल्कोहोल असेल तर ते साखरेचं काम. युरोपात फळाच्या खऱ्या ब्रँडीला निदान ३७.५ टक्के लागतात, लिक्युअरला पंधरा टक्केही चालतात, पण लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर असावी लागते. शंभर ग्रॅम! आमच्या घरचा दिवसभराचा चहा. जर्मन बाटलीवर आणखी एक खूण असते. नावाच्या शेवटी 'वासर' असेल तर फळ स्वतः आंबवून गाळलेलं. 'गाइस्ट' असेल तर फळ नुसतं स्पिरिटमध्ये भिजवून मग गाळलेलं. रास्पबेरीत साखरच इतकी कमी की तिला आंबवून हाती काही लागत नाही, म्हणून तिची गाइस्ट. ही फसवणूक नाही, वेगळी रीत आहे. पण किर्शवासर म्हणून पैसे मोजायचे तर 'वासर' असलेलीच घ्यावी.

आता संत्र्याकडं यायलाच हवं, कारण ही सगळी वाचनं करताना एकच प्रश्न डोक्यात होता. जगभर शेतकरी बारीक, डागी, विकल्या न जाणाऱ्या फळाची ब्रँडी करतात. आमच्या अंबिया बहारात फळगळ होते तेव्हा झाडाखाली जे पडतं ते आम्ही बांधावर फेकतो. मग संत्र्याची ब्रँडी का नाही? कागदावर मांडून पाहिलं. रसात साखर दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, फळात रस निम्म्याहून कमी. चाळीस टक्क्यांच्या ७०० मिलीच्या एका बाटलीला दहा किलो संत्री, तेही काहीच वाया गेलं नाही तर. दहा किलोचं काही वाटत नाही, नासपतीलाही तितकी लागतातच. पण आपला संत्रा रसाच्या बाबतीत आडमुठा. रस काढून ठेवला की थोड्या वेळात तो कडू होतो. लिमोनिन नावाचा पदार्थ रसाच्या आंबटपणात हळूहळू तयार होतो. नागपुरी संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. घरी पाहुण्यांना रस द्यायचा तर समोर बसवून काढावा लागतो.

आणि खरा वास रसात नसतोच, सालीत असतो. लहानपणी वीज गेली की आम्ही चिमणीच्या ज्योतीवर संत्र्याची साल पिळायचो. फुरर्र करून ठिणग्या उडायच्या, माय ओरडायची, "कंदील फोडसान, बापा!" ते सालीतलं तेल. अमेरिकेतला महागडा बारवाला आज पेल्यावर साल पेटवून दाखवतो आणि लोक टाळ्या वाजवतात. आम्ही मायचे धपाटे खाल्ले. जगातल्या नामांकित संत्रा-लिक्युअरी याच तेलावर उभ्या आहेत, फळाच्या रसावर नाही. क्वांत्रो १८७५ पासूनची, गोड आणि कडू दोन्ही संत्र्यांच्या सालींची. ग्रां मार्निए १८८० ची, तिच्यात कोन्याक, म्हणजे फ्रान्सची द्राक्षाची ब्रँडी, आणि कडू संत्रा. दोन्हींत आमचं काही नाही. मी एकदा घरी वोडकात साली घातल्या. आपल्या संत्र्याची साल सैल, चटकन निघते, आणि आतला पांढरा पापुद्रा घेऊनच निघते. तो मी काढला नाही. आठ दिवसांनी कडूजहर. बायकोनं त्यानं फरशी पुसली.

कॉफीच्या बाबतीत मात्र आम्ही अगदीच परके नाही. चिखलदऱ्याला कॉफी होते. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटलं की आजही त्याच ठिकाणाचं नाव येतं. इंग्रजांच्या काळापासूनची ती झाडं, सावलीत, हजार-अकराशे मीटरवर. धारणीहून उतरताना मी किलोभर बिया आणायचो आणि मायच्या रोटीच्या तव्यावर भाजायचो. घर आठवडाभर महकायचं.

त्याच कॉफीची मी लिक्युअर करायला गेलो. विकत आणलेल्या रममध्ये जाडसर दळलेली कॉफी भिजत घातली आणि कपाशीच्या वेचणीत विसरलो. चौथ्या दिवशी गाळली तर निबर काढ्यासारखी. कॉफीला अठरा तास पुष्कळ होतात, फार तर एक दिवस. पुढं ती चव देत नाही, कडवटपणा देते. दुसऱ्या खेपेला वेळ सांभाळली, पण साखरेऐवजी गूळ घातला, गावरान अभिमानानं. ते गढूळ झालं आणि प्यायल्यावर रमही कळेना, कॉफीही कळेना. गुळवणी लागत होती. तिसऱ्या खेपेला साधा साखरेचा पाक, तोही हात राखून, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यातून दोनदा गाळून. ती जमली. तिनं मला विकतची कॉफी-लिक्युअर कशी पारखायची ते शिकवलं.

कॉफी-लिक्युअरला गोडीची लाज नसावी, पण गोडीनं कॉफीला झाकू नये. काहलुआ सगळ्यांना माहीत असते. मेक्सिकोतली, १९३६ पासूनची, रम आणि अरेबिका कॉफी. दुधात, सायीत, आइस्क्रीमवर ती छान बसते, कारण दूध तिची साखर पिऊन टाकतं. नुसती घ्यायला मला ती जड जाते, दुसऱ्या घोटाला ओठ चिकटतात. तिया मारियात व्हॅनिला पुढं येतो. ऑस्ट्रेलियाची मिस्टर ब्लॅक थंड पाण्यात काढलेल्या कॉफीची, साखर बेताची, कडसर. नुसती प्यायची तर ही. दुकानात उभं राहून ओळखायची एक युक्ती आहे. बाटली आडवी करून सरळ करा. काचेवरून पाकासारखं जाड, सावकाश ओघळत असेल तर मिसळायला. पटकन उतरत असेल तर नुसतं प्यायला. शास्त्रशुद्ध नाही, पण मला फसवलेलं नाही.

एस्प्रेसो मार्टिनी हे नाव पुतण्यानं शिकवलं. १९८०च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल नावाच्या बारवाल्यानं बसवलेलं पेय. पुस्तकी प्रमाण असं: ५० मिली वोडका, ३० मिली काहलुआ, १० मिली साखरेचा पाक, एक एस्प्रेसो. तो पाक मी गाळतो; काहलुआत आहे तेवढा पुरे. यंत्र नाही, म्हणून मद्रासी फिल्टरची घट्ट डिकॉक्शन, भरपूर बर्फ आणि लोणच्याची घट्ट झाकणाची स्टीलची बरणी. बरणी नीट घासलेली असावी. एकदा मेथ्यांचा वास आला होता. शेवटी वरून ताज्या संत्र्याच्या सालीची एक चिमट, पेटवायची गरज नाही. कॉफी आणि संत्र्याचं तेल एकमेकांना इतकं ओळखतात की आधी भेट झाली असावी.

फळांच्या ब्रँडीला मात्र कॉकटेलमध्ये मी फारसा हात लावत नाही. दहा किलो फळाचा वास एका बाटलीत आणायचा आणि त्यावर सोडा ओतायचा, हे म्हणजे हुरड्यावर सॉस घेणं. अपवाद कालवादोस. तिच्या अंगात लाकूड आहे, ती दणके सोसते. ४५ मिली कालवादोस, ६० मिली आत्ता समोर काढलेला संत्र्याचा रस, अर्धं लिंबू, बर्फ. लगेच प्यायची, रस कडू व्हायच्या आत. गप्पांत अर्धा तास गेला तर दोष संत्र्याला देऊ नये.

किर्श आणि विल्यम्स नुसत्या, छोट्या पेल्यात, पस्तीस-चाळीस मिली. सगळी पुस्तकं म्हणतात, 'रूम टेंपरेचर'ला प्या. कोणाची रूम? आमच्या रूममध्ये मे महिन्यात कूलर चालू असताना छत्तीस असतं. त्या गरमीत अल्कोहोल आधी उडतो आणि नाकात सुई घुसल्यासारखं होतं. उलट फ्रीजरमध्ये ठेवली तर वास गोठतो आणि चाळीस टक्क्यांचं गार पाणी उरतं. मी बाटली माठाच्या खालच्या ओल्या वाळूत उभी ठेवतो तासभर, तेवढी पुरते. पेला हलवत बसायचा नाही, दहा मिनिटं नुसता ठेवायचा. थेंबभर तळहातावर घेऊन हात चोळायचे आणि हुंगायचं, घाण्यावर जवसाचं तेल पारखतात तसं. आणि शेवटची परीक्षा सकाळी. रिकामा, न धुतलेला पेला हुंगायचा. भेसळीची असेल तर काहीच नसतं, फार तर शिळा स्पिरिटचा वास. चांगली असेल तर फळ अजून तिथंच बसलेलं असतं.

हे लिहिताना एक गोष्ट मनात खुपते, ती लिहूनच पुढं जातो. माझ्या बागेत तोडणीला येणाऱ्या एकाची बायको दर शनिवारी स्वतः मजुरी न्यायला येते. तो समोर उभा असतो, तरी पैसे तिच्या हातात. तिनंच ठरवून घेतलंय, आणि मी ते मोडत नाही. तो माणूस घोट घेत नाही, तो पव्वा एका दमात उलटा करतो, कारण चवीसाठी थांबण्यासारखं त्या बाटलीत काहीच नसतं आणि त्याच्याकडं वेळही नसतो. विदर्भात दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या त्या उगाच नाहीत. गडचिरोली १९९३ पासून कोरडा, चंद्रपूर २०१५ ला झाला आणि २०२१ ला पुन्हा उघडला, आणि वर्धा तर गांधी-विनोबांचा म्हणून कधीपासूनच. आमच्या गावाखालून वर्धा नदी जाते. तिकडचा काठ वर्धा जिल्हा. पुलाच्या अलीकडे दुकान, पलीकडे बंदी. पूल ओलांडून घरी जाताना हँडल न सावरणाऱ्या सायकली मी पाहिल्या आहेत. नासपतीच्या वासाच्या गोष्टी त्या पुलावर सांगता येत नाहीत.

माझी थोरली बहीण त्या काठाला दिली आहे, आष्टी तालुक्यात. भाऊजी निवृत्त मुख्याध्यापक, खादीवाले, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. ताईला मात्र माझी ती तिसऱ्या खेपेची कॉफी-लिक्युअर भारी आवडली होती, आइस्क्रीमवर दोन चमचे. "दारू नाही बापा, कॉफीच हाय थे." बाटली तिला देता येत नाही, पुलापलीकडे नेणं गुन्हा. म्हणून तिचे दोन चमचे भाऊबीजेला, माझ्या घरी.

सकाळी पुतण्याला हिशेब सांगितला. विल्यम्स ०.७, आत नासपती नसलेली. कॉफीची ०.७, कडसर असलेली, काहलुआ नको. आइस्क्रीम आधीच गोड असतं. राहिले ०.६, त्यात किर्शची अर्धा लिटरची बाटली. एकूण १.९. "शंभर मिली वाचते, काकाजी." म्हटलं, वाचू दे.

भाऊबीजेला संत्री नुकती रंग धरत होती. ओवाळून झालं, जेवणं झाली, अंगणात गार हवा होती. ताईनं आइस्क्रीमवर दोन चमचे घेतले, मग तिसरा मागितला, मग छोटा पेलाच पुढं केला. भाऊजी खाटेवर पडून रेडिओ ऐकत होते, ते काही बोलले नाहीत. पुतण्यानं किर्श घेतली, मी विल्यम्स. पेले धुवायचे नाहीत म्हणून बायकोला बजावलं आणि ओट्यावर तसेच ठेवले.

सकाळी मी बागेतून आलो तर भाऊजी ओट्यापाशी उभे, हातात माझा पेला, नाकाशी धरलेला.

"याच्यात अत्तर ठेवलं होतं का कोनी?"

"नाही जी. नासपतीची दारू होती."

ते जरा वेळ पेल्याकडे पाहत राहिले. मग दुसरा उचलला. "अन् याच्यात बदाम."

"चेरी. बियांचा वास येतो तसा."

तिसरा ताईचा. त्यात मुंग्या लागल्या होत्या, तळापासून काठापर्यंत काळी रांग. बाकीच्या दोन्हींकडे एकही फिरकली नव्हती. भाऊजींनी तो ओट्याच्या कडेला पालथा आपटून झटकला, खाली ठेवला, आणि पहिला पुन्हा उचलला.